हिरव्या बोटीचं बूच

चौघांमध्ये कामं वाटलेली होती. दातांचा डॉक्टर खाणं आणायचा, विमेवाला रस्ता आणि हवामान बघायचा, लिफ्ट-निरीक्षक गाडी चालवायचा आणि चौथ्याकडे दोष असायचा.

चौथ्याचं फोटो मढवून देण्याचं दुकान होतं. शाळेपासून त्याला सगळे ‘निमित्त’ म्हणत. पाचवीत वर्गाची काच फुटली तेव्हा चेंडू टाकला होता विमेवाल्याने, टोलवला होता डॉक्टरने, आणि काचेच्या सगळ्यात जवळ उभा होता हा. सरांनी विचारलं, “कोण?” तेव्हा बाकीच्या तिघांनी आपापसात अवाक्षर न काढता याच्याकडे बघितलं. तिथून पुढे जगात जे काही बिनसे त्याला एक निमित्त लागे, आणि ते हाताशी होतं.

बावीस वर्षं हे चौघे महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी बाहेर पडत होते. संध्याकाळी परतीच्या गाडीत दिवसभरात काय काय फसलं त्याची उजळणी व्हायची आणि मग विमेवाला निकाल द्यायचा. विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर आयुष्य गेल्यामुळे चूक कुणाची हे ठरल्याशिवाय त्याला झोप लागत नसे. टेकडीवर गांधीलमाश्या उठल्या, कारण निमित्ताने पिवळा शर्ट घातला होता. संग्रहालय बंद निघालं, कारण “उघडं असेलच” असं आदल्या दिवशी निमित्तच म्हणाला होता. एकदा डॉक्टर स्वतःच्या दोन पायांनी चालत जाऊन खड्ड्यात पडला. निमित्ताने नेमकी तेव्हाच हाक मारली होती. हसून हसून पोटं दुखायची. निमित्तही हसायचा. तो हसायचा, म्हणून यात काही वावगं आहे असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या रविवारी तळ्यावर जायचं ठरलं होतं. वाटेत पेट्रोल पंपावर डॉक्टर आणि विमेवाला पाण्याच्या बाटल्या आणायला उतरले, आणि मागच्या सीटवरून निमित्त म्हणाला, “ही माझी शेवटची हं.”

“शेवटची काय?” निरीक्षकाने विचारलं.

“सहल. तुला म्हणून सांगतोय. त्या दोघांना बोलू नकोस, उगाच सभा भरवतील.”

निरीक्षकाने आरशातून मागे बघितलं. निमित्त खिडकीतून हवा भरायच्या पाइपकडे बघत होता, जणू त्या पाइपाचं पुढे काय होतं याचीच त्याला उत्सुकता आहे.

“का रे? कोणी काही बोललं?”

“आता नवीन काय बोलणार? कंटाळा आला. दुकानात गिऱ्हाईक म्हणतं, फोटोत मी जाडा दिसतो, तुमची फ्रेम चुकली. घरी बायको म्हणते, पोरीला गणित येत नाही ते तुमच्याकडून आलंय. आणि सुट्टीच्या दिवशी तुम्ही. पन्नाशी उलटली माझी. एखादा रविवार असा पाहिजे की नाही, ज्यात माझं काही चुकलेलं नाही?”

“मग पुढच्या खेपेला आपण...”

“पुढच्या खेपेला मला काम निघेल. कुठलं ते अजून ठरवलं नाही.”

हे सगळं तो दुकान आठ दिवस बंद राहील असं सांगावं तितक्या सरळ आवाजात बोलला, आणि त्यामुळेच निरीक्षक धास्तावला. रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते. हा रागावलेला नव्हता. निरीक्षकाचे वडील शेवटचे अकरा दिवस दवाखान्यात होते तेव्हा डॉक्टर आणि विमेवाला फळं घेऊन येऊन गेले होते. निमित्त दुकानाला कुलूप लावून अकराही दिवस बाहेरच्या बाकावर बसला होता. काही न बोलता बसला होता. तसा बसणारा दुसरा माणूस निरीक्षकाच्या ओळखीत नव्हता, आणि या वयात नवा मिळायची शक्यताही कमी होती.

“आज कोणी तुला काही बोलणार नाही,” निरीक्षक म्हणाला. “कारण आज काही बिघडणारच नाही. मी बघतो.”

“बघ तू,” निमित्त म्हणाला, लहान मुलाला खेळायला सोडावं तसं.

निरीक्षक ‘मी बघतो’ म्हणाला की त्याला वजन असे. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याने पास केलेल्या एकाही लिफ्टला अपघात झालेला नव्हता. ही गोष्ट तो स्वतःहून दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त कधी सांगत नसे. त्याच्या कामाचा एकच मंत्र होता. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरण्याआधी तो मुख्य फ्यूज काढून खिशात घालायचा. खात्यात नव्याने लागलेल्यांना तो बजावायचा, “वस्तू माझ्या खिशात, तोवर लिफ्ट जागची हलत नाही. माणसाचा भरवसा धरायचा नाही, खिशाचा धरायचा.” त्यासाठी त्याने खास बारा खिशांचं जाकीट शिवून घेतलं होतं. आता ते अंगाला इतकं सवयीचं झालं होतं की सहलीलाही तो तेच घालून यायचा.

तळ्याच्या काठी पत्र्याची एक खोली होती आणि खोलीत बोटवाल्या मावशी होत्या. साठी ओलांडलेल्या, चष्म्याला दोरी, समोर जाडजूड वही. आदल्या दिवशी पाऊस झाल्यामुळे त्यांनी बोटी काठावरच्या उतरणीवर ओढून, जुन्या टायरांवर टेकवून ठेवल्या होत्या. दोन बोटी होत्या, एक पांढरी आणि एक हिरवी. पांढरीच्या गाद्या फाटलेल्या होत्या.

“कुठली घ्यायची?” डॉक्टरने विचारलं. त्याने हे निमित्तालाच विचारलं. निवड नेहमी निमित्ताकडून करून घेतली जायची. पुढे सोयीचं पडायचं.

“हिरवी बरी दिसते,” निमित्त म्हणाला.

“नोंद घ्या,” विमेवाला म्हणाला, “हिरवी कुणी म्हटलं ते.” डॉक्टर खो-खो हसला. निरीक्षक हसला नाही.

मावशींनी माहिती दिली. “मोटर बॅटरीवर चालते. आवाज नाही, धूर नाही. कळ पुढे केली की पुढे, मागे केली की मागे. शिवाय वल्ही दोन दिलीत. त्यातलं एक चांगलं आहे.”

“आणि दुसरं?”

“तेही दिलंय.”

मग निरीक्षकाने बोट तपासायला घेतली. चांगली पंचवीस मिनिटं. त्याने चारही लाइफ जॅकेटांचे बंद ओढून बघितले. बॅटरीची पेटी उघडली, तारा हलवल्या, पेटी बंद केली. बोटीखाली वाकून तळावर टकटक करत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. मित्राचा एक रविवार वाचवायचा होता; त्याला एकही ओरखडा सुटू द्यायचा नव्हता.

“वरखाल्या, आटप रे,” डॉक्टर ओरडला. निरीक्षकाला ते वरखाल्या म्हणत. “बोट आहे ती. तिला काय आठव्या मजल्यावर जायचंय?”

“बोटीनं फक्त वर राहायचं असतं,” विमेवाला म्हणाला. “खाली गेली की मग माझ्याकडे अर्ज येतो.”

बोटीच्या मागच्या टोकाला, तळाशी एक भोक होतं आणि त्यात अंगठ्याएवढं पितळी बूच आट्यांवर बसवलेलं होतं. बोट काठावर असली की ते काढून आत साठलेलं पावसाचं पाणी सोडून द्यायचं, अशी व्यवस्था.

“साहेब, ते मी सकाळीच घट्ट केलंय,” मावशी खोलीतून म्हणाल्या.

“बघून घेतो मावशी. माझी सवय आहे.”

त्याने बूच फिरवून काढलं, उजेडात धरून आटे बघितले, रबरी वॉशर दाबून पाहिलं. उत्तम होतं. तेवढ्यात मावशींनी हाक दिली, “सह्या राहिल्यात! चौघांच्या! सहीशिवाय बोट हलणार नाही!” सहीशिवाय काही हलत नाही, हे निरीक्षकाच्या रक्तात होतं. तो तातडीने खोलीत गेला. सही केली. शेजारी ‘शेरा’ असा रकाना रिकामा दिसला, त्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘तपासली. ठीक आहे.’ परत येऊन चौघांनी लाइफ जॅकेटं चढवली आणि हुप्पा करून हिरवी बोट पाण्यात लोटली.

पहिली वीस मिनिटं फार सुंदर गेली. मोटर खरोखरच आवाज करत नव्हती. निमित्त मागे बसून मोटरचा दांडा सांभाळत होता आणि त्याच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरत होत्या. मधोमध पाणी इतकं स्थिर होतं की पलीकडची झाडं दोन-दोनदा दिसत होती. डॉक्टरने अंड्याची सँडविचं वाटली आणि थर्मासातला चहा ओतला. दुसऱ्यांना गोड खाऊ नका म्हणून सांगणाऱ्या त्या माणसाच्या चहात साखर अशी असायची की चमचा उभा राहावा.

“काय मजेत चाललीय रे,” निमित्त म्हणाला. त्याने चक्क गुणगुणायला सुरुवात केली.

निरीक्षक मनात म्हणाला, झालं. एवढं दोन तास टिकलं, की परतीच्या गाडीत विमेवाल्याला निकाल द्यायला काही उरणार नाही.

तेवढ्यात मोटरने उचकी दिली, आणखी एक दिली आणि ती थांबली.

“कळ पुढे कर,” डॉक्टर म्हणाला.

“पुढेच आहे,” निमित्त म्हणाला. गुणगुणणं बंद झालं होतं.

“मग मागे कर.”

“मागे केली.”

“मग तू नक्की काय केलंस?”

“एक मिनिट,” विमेवाला मध्येच म्हणाला. तो कामावर वापरायचा त्या आवाजात बोलत होता. “माझे मोजे ओले का झालेत?”

सगळ्यांनी खाली बघितलं. पायांखालच्या लाकडी पट्ट्यांच्या फटींतून पाणी वर डोकावत होतं. निरीक्षकाने एक पट्टी उचलली. खाली वीतभर पाणी होतं आणि त्यात बॅटरीची पेटी अर्धी बुडालेली होती. डॉक्टरच्या हातातला चहा हिंदकळला. त्या तळ्यात पोहून काठ गाठेल असा चौघांत कुणी नव्हता. लाइफ जॅकेटं होती, पण त्यांच्यावर लिहिलेली तारीख वाचायची आता कुणाला इच्छा नव्हती.

“पुढे जा सगळे,” निरीक्षक म्हणाला. “पुढच्या टोकाला बसा. मागचा भाग वर येऊ दे. मी बघतो.”

तिघे बेडकांसारखे उड्या टाकत पुढे गेले. निरीक्षक मागे गुडघ्यांवर बसला, लाइफ जॅकेटचे बंद सोडले आणि टॉर्चसाठी आतल्या जाकिटाच्या डाव्या खिशात हात घातला. तिथे टॉर्च नव्हता. तिथे काहीतरी गोल, थंड आणि जड होतं.

बाहेर काढून बघायची गरजच पडली नाही. एकतीस वर्षं त्या खिशात फ्यूज जात होते. काढलेली वस्तू खिशात जायची, तशी ही गेली होती. त्याच्या मंत्राप्रमाणे वस्तू खिशात असेपर्यंत लिफ्ट जागची हलत नव्हती. बोट मात्र हलली होती, भर तळ्यात येऊन पोचली होती आणि आता त्याच सुरक्षिततेपायी बुडत होती.

त्याने एकदा पुढे बघितलं. तिघे त्याच्याकडे पाठ करून काठ किती लांब आहे याचा अंदाज घेत होते. त्याने हात पाण्यात घातला, भोक चाचपलं, बूच लावलं. आटे दोनदा चुकले. तिसऱ्यांदा बसलं. त्याने ते पिळता येईल तेवढं पिळलं.

“थांबलं,” तो म्हणाला.

“थांबलं? काय होतं?” डॉक्टरने विचारलं.

“बूच,” निरीक्षक म्हणाला. आणि मग एका क्षणात, जिभेवर आधीच तयार असल्यासारखं, “सैल झालं होतं.”

पुढे जे झालं ते बुडण्यापेक्षा वाईट होतं. तिघांनी त्याचा जयजयकार केला.

“याला म्हणतात माणूस!” डॉक्टर म्हणाला आणि त्याने पाठीवर अशी थाप मारली की बोट डुचमळली. “आम्ही इथं देवाचं नाव घ्यायच्या बेतात, आणि हा आपला शांतपणे हात घालून बूच आवळतोय!”

“एकतीस वर्षं,” विमेवाला गंभीरपणे म्हणाला. “एकही अपघात नाही. आज पहिला झाला असता आपल्या पापानं.”

डब्यांची झाकणं घेऊन चौघे पाणी उपसू लागले. पाणी खाली जाऊ लागलं. पाणी पुरतं खाली जायच्या आधीच विमेवाला आपल्या मूळ स्वभावावर आला.

“आता मुद्द्यावर या. बूच सैल म्हणजे हलगर्जीपणा. त्या मावशींवर रीतसर तक्रार जाणार. पण दोन बोटी समोर असताना नेमकी हीच बोट का घेतली गेली?”

डॉक्टरच्या चेहऱ्यावर ते जुनं, ओळखीचं हसू पसरलं. “हिरवी बरी दिसते,” त्याने निमित्ताचा आवाज काढला.

“अरे वा! पिवळ्या शर्टानंतर हिरवी बोट,” विमेवाला म्हणाला. “निमित्ता, लेका, तू रंगांचा धंदा सोड.”

निरीक्षकाने निमित्ताकडे बघितलं. निमित्त झाकणाने पाणी उपसत होता. थांबून तो म्हणाला, “हो. हिरवी मीच म्हटलं. माझंच चुकलं.” आणि तो हसला. नेहमीसारखाच. फक्त निरीक्षकाला आज ते हसू कुलूप लावून किल्ली शेजाऱ्याकडे देणाऱ्या माणसाचं वाटलं.

मोटर मेलेलीच होती. डॉक्टरने चांगलं वल्हं घेतलं, निमित्ताच्या वाट्याला दुसरं आलं. ते मधून चिरलेलं होतं. डॉक्टरच्या एका जोरदार फटकाऱ्याला निमित्ताचा अर्धा फटकारा पुरा पडेना, आणि बोट मोठ्या डौलात गोल फिरू लागली. पलीकडची झाडं आली, गेली, पुन्हा आली.

“सरळ मार की!” डॉक्टर म्हणाला.

“सरळच मारतोय. वल्हं तिरकं आहे.”

“बघा, आता वल्ह्याला दोष.”

काठावर मावशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी तोंडाशी दोन्ही हात धरून काहीतरी ओरडून सांगितलं. वाऱ्यावर एवढंच आलं, “...उलटं धरलंय!” कोणी उलटं धरलंय ते कळलं नाही. विमेवाल्याने निमित्ताचं धरलं.

मग त्याने खिशातून पेन काढलं, बोटीच्या पावतीची पाठची कोरी बाजू मांडीवर घेतली आणि तक्रार लिहायला बसला. “गरम आहे तोवर लिहिलेलं बरं. वरखाल्या, तांत्रिक भाग तू सांग. खाली तुझी सही घेतो. तुझ्या सहीपुढं कोण बोलणार? मावशींची बोट महिनाभर तरी बंद करतो की नाही बघ.”

निरीक्षकाने पावतीकडे बघितलं. सरळ हिशेब होता. बूच जागेवर होतं, पाणी थांबलं होतं आणि खिसा रिकामा होता. आता जगात कुणालाच काही कळणार नव्हतं. एक सही केली की संध्याकाळपर्यंत तो शूरवीर ठरणार होता, मावशींची बोट बंद पडणार होती, आणि पुढच्या महिन्यात निमित्ताला काम निघणार होतं. मग गाडीच्या मागच्या सीटवर थर्मास आडवा ठेवायला जागा होणार होती.

दुसऱ्या पारड्यात काय होतं? एकतीस वर्षं. त्याने ती मनातल्या मनात एकदा नीट पाहून घेतली.

“लिही,” तो म्हणाला. त्याचा आवाज कचेरीतला झाला. दुसऱ्या आवाजात त्याला हे जमलंच नसतं. “घटनेचं स्वरूप. बोटीत पाणी शिरणे व त्यामुळे मोटर बंद पडणे.”

“...बंद पडणे,” विमेवाला लिहीत म्हणाला.

“कारण. तळाचं बूच जागेवर नसणे.”

“सैल असणे.”

“नसणे. मी सांगतो तसं लिही. बूच जागेवर शेवटचं पाहिल्याची वेळ, सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. पाहणारा, निरीक्षक.”

“म्हणजे तू.”

“निरीक्षक लिही. घटनेच्या वेळी बूच कुठे होतं...” इथे त्याने रिकामा खिसा चाचपला. “निरीक्षकाच्या जाकिटाच्या खिशात. डाव्या बाजूचा, वरून तिसरा.”

विमेवाल्याचं पेन ‘वरून ति’ इथपर्यंत जाऊन थांबलं. डॉक्टरचं वल्हं हवेत राहिलं आणि त्यातून थेंब पडत राहिले.

“कुठल्या निरीक्षकाच्या?” डॉक्टरने विचारलं.

“मीच रे, गाढवा! मी काढलं, खिशात टाकलं आणि सही करायला गेलो. परत बसवलंच नाही. मघाशी बसवलं आणि सैल होतं म्हणून तुमच्या तोंडावर थाप मारली. वरून लाइफ जॅकेट घातल्यावर खिशातलं कळलंही नाही मला. मावशींनी घट्ट केलं होतं, अगदी व्यवस्थित. हिरवी बोट एकदम उत्तम आहे. आणि ह्याचं...” त्याने निमित्ताकडे बोट दाखवलं, आणि पुढचं वाक्य काही केल्या निघेना.

बोट आपली हळूहळू गोल फिरत होती.

“ह्याचं काय?” निमित्ताने विचारलं.

“तुझं काही चुकलं नाही.”

“काय?”

“तुझं काही चुकलं नाही.”

“मोठ्यानं बोल. डॉक्टरला डाव्या कानानं कमी ऐकू येतं.”

“तुझं काही चुकलं नाही!” निरीक्षक छाती फुटेल असा ओरडला. पलीकडच्या लव्हाळ्यातून दोन पक्षी उडाले. काठावर मावशींनी, आपल्यालाच म्हणतायत असं वाटून, हात वर केला.

निमित्ताने त्या उडालेल्या पक्ष्यांकडे बघितलं. मग त्याच्या नाकातून एक बारीक आवाज आला. मग दुसरा. आणि मग तो असा हसत सुटला की वल्हं हातातून सुटलं आणि विमेवाल्याला कोपरापर्यंत बाही भिजवून ते धरावं लागलं. हे हसू त्या तिघांनी आधी ऐकलेलं नव्हतं. ते बारीक, चिरकं आणि काहीसं बेसूर होतं. नेहमीचं हसू इतकी वर्षं सहलीपुरतं बाहेर काढलं जात असावं.

“खिशाचा भरवसा!” तो धापा टाकत म्हणाला. “माणसाचा नाही, खिशाचा! अरे, पंचवीस मिनिटं! पंचवीस मिनिटं आम्हाला उन्हात उभं करून ह्यानं बोट बुडवायची तयारी केली!”

डॉक्टरही हसू लागला. विमेवाल्याने कागदाकडे बघितलं, सवयीने निमित्ताकडे बघितलं, मान चटकन वळवली आणि निरीक्षकाकडे बघून खाकरला. “म्हणजे निकाल... तुझ्याविरुद्ध जातोय.”

“मान्य आहे.”

“अपील?”

“नाही.”

निरीक्षकाला वाटलं होतं, शरमेने मेल्याहून मेल्यासारखं होईल. शरम आलीही. बोटीत थोडा वेळ बसली. पण कुणी तिला चहासुद्धा विचारेना, तेव्हा निघून गेली. तिच्या जागी जे आलं त्याने निरीक्षक स्वतःच चक्रावला. एकतीस वर्षं डोक्यावर भरलेली घागर घेऊन चालावं आणि एकदाची ती फुटावी, तसं त्याला वाटत होतं. अंग भिजलं होतं, पण मान मोकळी झाली होती.

काठावर पोचायला पाऊण तास लागला. निमित्ताने चांगलं वल्हं मागून घेतलं. “ते चिरलेलं ह्याला द्या,” तो म्हणाला. “आणि सरळ मार रे. सरळ! वल्ह्याला नावं ठेवू नकोस.” निरीक्षक सरळ मारत होता. वल्हं तिरकं होतं.

उतरल्यावर तो भिजल्या बुटांनी पचक-पचक करत मावशींकडे गेला आणि खालमानेने सगळं सांगितलं. मावशींनी चष्मा नाकावर घेतला, वही उघडली, त्याचा ‘तपासली. ठीक आहे’ हा शेरा वाचला आणि वही मिटली.

“दरवर्षी एखादा निघतोच,” त्या म्हणाल्या. “बहुतेक शिकलेलाच असतो. बॅटरी वाळेल, काळजी करू नका. पण पुन्हा आलात, तर हात खिशात घालून उभं राहायचं.”

“खिशात नको मावशी!” निमित्त मागून ओरडला. “हात डोक्यावर ठेवायला सांगा!”

मावशी हसल्या. निमित्ताने विमेवाल्याच्या हातातली पावती मागून घेतली आणि नीट घडी घालून पाकिटात ठेवली. “फ्रेम करणार आहे,” तो म्हणाला. “दुकानात, गल्ल्याच्या वर. गिऱ्हाईक काही बोललं की दाखवायला.”

“माझं नाव आहे त्यावर,” निरीक्षक म्हणाला.

“नाव नाहीये. ‘निरीक्षक’ आहे. तूच तसं लिहायला लावलंस.”

परतीच्या वाटेवर निमित्त पुढच्या सीटवर बसला. बावीस वर्षांत तो पहिल्यांदाच तिथे बसत होता, आणि बसल्या बसल्या त्याने तोंडाचा पट्टा सोडला. बूट भिजले ते निरीक्षकामुळे. सँडविचं भिजली तीही त्याच्याचमुळे. उन्हाने कान भाजले. पंचवीस मिनिटं कुणी उभं केलं होतं? पोरीला गणित येत नाही यातही निरीक्षकाचा हात आहे, हे त्याने बऱ्याच कोनांतून सिद्ध केलं. डॉक्टर मागून एकेका मुद्द्याला दुजोरा देत होता. विमेवाला दोनदा म्हणाला, “हे दाव्यात बसत नाही,” आणि दोन्ही वेळा गप्प बसवला गेला.

“आणि पुढच्या महिन्यात टेकडीवर जाऊ,” निमित्त म्हणाला, “तेव्हा गाडी मी चालवणार. तुझा काही नेम नाही. गिअर काढून खिशात टाकशील.”

निरीक्षकाने नुसतं “बरं” म्हटलं.

“बरं काय? रस्त्याकडे बघ! हळू! तो ट्रक दिसत नाही का तुला?”

ट्रक चांगला अर्धा मैल पुढे होता. निरीक्षकाने मुकाट्याने गाडी हळू केली.